फर्नांदोची खोली

फर्नांदो दिनीझला 1949 मध्ये रिओ दि जानेरोच्या एंजेन्यो दि देंत्रो भागातल्या सरकारी मनोरुग्णालयात आणलं, तेव्हा त्याने तिशी नुकतीच ओलांडली होती. मान कायम खाली, कुणाच्या नजरेला नजर नाही, बोलला तर ओठातल्या ओठात. निदान स्किझोफ्रेनियाचं होतं. आधीची पाच वर्षं त्याने गुन्हेगार मनोरुग्णांसाठीच्या बंदिस्त इस्पितळात काढली होती. 1944 मध्ये तो कोपाकबानाच्या समुद्रात विवस्त्र पोहत होता, एवढंच कारण.

पुढची पन्नास वर्षं तो त्याच रुग्णालयाच्या आवारात चित्रं काढत राहिला. त्याच्या हातून तीस हजारांच्या आसपास कलाकृती झाल्या असं मानलं जातं. हा आकडा कितीही थक्क करणारा असला तरी मला त्यातल्या एका टप्प्याबद्दलच लिहायचं आहे. त्या टप्प्यात फर्नांदोने कागदावर एक खोली उभी केली. एका बैठकीत नव्हे. वस्तू वस्तू जमवत, मोडत, पुन्हा जमवत.

मी व्यवसायोपचाराचं, म्हणजे हाताच्या कामातून उपचार करण्याचं, काम करते. माती, कापड, रंग, दोरा, बिया हे माझं रोजचं सामान. आमच्या क्षेत्रात ‘कलेने मन हलकं होतं’ हे वाक्य इतक्या सहज फिरतं, की ते नेमकं कशामुळे होतं, कुणाच्या सोबतीने होतं आणि कुठे थांबतं हे विचारायचं राहून जातं. फर्नांदोचं प्रकरण मला त्यासाठी पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं. ते अर्ध्या शतकाचं आहे, त्यातली चित्रं जपलेली आहेत, आणि त्यात काय साधलं नाही तेही दिसतं.

दुसऱ्यांच्या घरात वाढलेला मुलगा

फर्नांदोचा जन्म 1918 चा, ब्राझीलच्या बाहिया प्रांतातल्या आरातूचा. कृष्णवर्णीय, गरीब, वडील कोण हे त्याला माहीत नव्हतं. तो चार वर्षांचा असताना आई त्याला घेऊन रिओला आली. ती शिवणकाम करायची. मायलेक राहायचे ते एकेका खोलीत कुटुंबं दाटलेल्या भाड्याच्या घरांत. आपल्याकडे चाळीत वाढलेल्यांना ती दाटी समजावून सांगावी लागणार नाही. दिवसा आई श्रीमंतांच्या घरी शिवायला जायची आणि मुलालाही बरोबर न्यायची.

तिथे त्याने दिवाणखाने पाहिले. पियानो, गाद्यांच्या खुर्च्या, टेबलावर अंथरलेलं कापड, फळांनी भरलेलं भांडं, उजेड येणाऱ्या उंच खिडक्या. मुलाने हे सगळं आतून पाहिलं, पण त्यातलं काहीच त्याचं नव्हतं. अशाच एका घरात व्हायोलेता नावाची मुलगी होती. आपण इंजिनिअर व्हायचं आणि तिच्याशी लग्न करायचं, असं त्याने मनाशी धरलं. अभ्यासात तो हुशार होता, वर्गात पुढे असायचा. मग कधीतरी व्हायोलेताचं लग्न झाल्याचं त्याला कळलं. शिक्षण सुटलं आणि पुढे एकेक गोष्ट सुटत गेली.

प्रेमभंगाने वेड लागलं असा याचा सरळ अर्थ मी लावणार नाही. स्किझोफ्रेनियासारखा आजार एका घटनेतून उगवत नाही. पण आजाराने माणसाचं जग फोडलं, की तुकडे मात्र त्याच माणसाच्या आयुष्यातले असतात. फर्नांदोच्या तुकड्यांत एक दिवाणखाना होता.

बटण न दाबणारी डॉक्टर

ज्या रुग्णालयात तो आला, तिथे नीझी दा सिल्व्हेरा नावाच्या मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्या नसत्या तर हे प्रकरण लिहिण्याजोगं उरलंच नसतं.

नीझी यांचा जन्म 1905 चा, मासेयो शहरातला. बाहियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या 1926 मध्ये बाहेर पडल्या, तेव्हा त्यांच्या तुकडीत त्या एकट्या बाई होत्या. 1936 मध्ये मार्क्सवादी पुस्तकं बाळगल्याच्या तक्रारीवरून त्यांना तुरुंगात टाकलं. सुटल्यावरही बरीच वर्षं त्यांना सरकारी नोकरीत परतता आलं नाही. 1944 मध्ये त्या पुन्हा रुजू झाल्या, तोवर मनोरुग्णालयांत नवे उपचार आले होते: विजेचा झटका, इन्सुलिन देऊन आणलेली बेशुद्धी, मेंदूची शस्त्रक्रिया. एका सहकाऱ्याने त्यांच्यासमोर एका रुग्णाला झटका दिला. रुग्ण थरथरत आचके देत राहिला. पुढच्या रुग्णाच्या वेळी तो सहकारी त्यांना म्हणाला, आता बटण तुम्ही दाबा. त्या म्हणाल्या, मी नाही दाबणार.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याच्या घरात कुणी उपचार घेत असेल तर गैरसमज होईल. तेव्हाचा झटका भूल न देता दिला जायचा. आज तो भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध देऊनच देतात, आणि भारतात 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने भुलीशिवाय देण्यावर बंदीच घातली आहे. तीव्र नैराश्यात त्याचा उपयोगही होतो. नीझी यांचा नकार त्यांनी त्या खोलीत जे पाहिलं त्याला होता.

बटण न दाबणाऱ्या डॉक्टरला काम काय द्यायचं? त्यांना व्यवसायोपचार विभाग मिळाला. तो विभाग म्हणजे रुग्णांकडून झाडू-पोछा करून घेणं आणि संडास धुवून घेणं. डॉक्टरांच्या नजरेत ही बदली म्हणजे अडगळीत टाकणं होतं. 1946 पासून नीझी यांनी त्या अडगळीत शिवणकाम सुरू केलं, पुस्तकबांधणी, सुतारकाम, बागकाम, नाटक सुरू केलं. वाढत वाढत हे विभाग सतरा झाले. रुग्णालयात काम करणाऱ्या अल्मीर माविन्ये या एकवीस वर्षांच्या तरुण चित्रकाराच्या मदतीने त्याच वर्षी सप्टेंबरात चित्रांची खोली उघडली. विषय द्यायचा नाही, नमुना ठेवायचा नाही, हात धरून शिकवायचं नाही, असा तिथला रिवाज होता. कागद, रंग, ब्रश, माती समोर आणि वेळ हवा तितका.

या विभागात माणसं कशी यायची याचा एक प्रसंग मला फार आवडतो. एमिग्दिओ नावाचा एक रुग्ण वीसहून अधिक वर्षं आत होता आणि त्याच्याकडून आता काही व्हायचं नाही असं ठरून गेलं होतं. पुस्तकबांधणीचं काम पाहणारा सहकारी एक दिवस त्याला घेऊन आला. याला का आणलंस, हा तर यादीत नव्हता, असं विचारल्यावर तो म्हणाला, याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात मला यायची इच्छा दिसली. एमिग्दिओ पुढे ब्राझीलच्या नावाजलेल्या चित्रकारांत गणला गेला. तो सहकारी कुठल्या पदवीचा धनी नव्हता, पण डोळ्याचा कोपरा वाचणं त्याला येत होतं. आमच्या कामात सगळ्यात अवघड तेच असतं.

वस्तू वस्तू जमवत

फर्नांदो चित्रांच्या खोलीत 1949 मध्येच आला. त्याची सुरुवातीची चित्रं पाहिली तर डोळ्याला पाय ठेवायला जागा मिळत नाही. आकार एकमेकांवर चढलेले, एकातून दुसरा निघालेला, पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते ठरवता येऊ नये असं. कुणी त्यावर ‘नुसता गोंधळ’ असा शेरा मारून पुढे गेला असता. नीझी यांनी ती जपून ठेवली आणि नंतरची चित्रं क्रमाने त्यांच्या पुढे लावली. एकट्या चित्राकडून अर्थ मागायचा नाही, रांग पाहायची, ही त्यांची पद्धत होती. ती किती मोलाची आहे हे इथेच कळतं.

रांगेत पुढे गेलं की गर्दीतून एखादी वस्तू सुटी होताना दिसते. मग ती वस्तू एकटीच येते. मग आणखी काही, शेजारी शेजारी. हळूहळू त्यांना जागा मिळते: खाली जमीन येते, मागे भिंत येते, टेबल जमिनीवर उभं राहतं, फळं टेबलावर बसतात. आणि शेवटी दिवाणखाना. पियानो, खुर्च्या, चित्रांच्या चौकटी, फुलदाणी, खिडकी. लहानपणी आईच्या बोटाला धरून ज्या खोल्यांत तो शिरला, त्या आता त्याच्या हाताने उभ्या राहिल्या.

नीझी यांनी याला रोजच्या जगातली जागा परत मिळवण्याची धडपड म्हटलं. पुढे लिओन हिर्शमान या दिग्दर्शकाने ऐंशीच्या दशकात नीझी यांच्या तीन रुग्णांवर तीन माहितीपट केले. त्यातला फर्नांदोवरचा माहितीपट याच शोधाभोवती बांधलेला आहे.

आता हातांकडे पाहू या, कारण मला यातलं खरं काम तिथे दिसतं. आपल्याला खुर्ची टेबलाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कळण्यासाठी काही करावं लागत नाही. ज्याच्यासाठी हे कळणंच मोडून पडलं आहे, त्याला ‘तुम्हाला काय वाटतं ते सांगा’ असं म्हणून काय उपयोग? सांगण्यासाठी लागणारी वाक्यंही त्याच जगात मोडलेली असतात. पण कागदावर टेबलाचा पाय काढायचा झाला तर तो कुठेतरी टेकवावा लागतो. लाल रंगाशेजारी काय, हे ठरवावं लागतं. ओला रंग ओघळला तर थांबावं लागतं. हातात ब्रश असलेला माणूस दर मिनिटाला असे कितीतरी लहान निर्णय घेत असतो, आणि प्रत्येक निर्णयाचा परिणाम लगेच डोळ्यासमोर असतो. चुकलं तर कुणाचं काही बिघडत नाही. दुसरा कागद असतो. माझ्या मते फर्नांदोने दिवाणखाना आठवून काढला नाही. तो काढता काढता ‘इथे’ आणि ‘तिथे’ हे शब्द पुन्हा शिकला.

त्यामुळेच फर्नांदोचं एक वाक्य मला शब्दशः खरं वाटतं. लोक त्याच्या चित्रांची वाहवा करत तेव्हा तो म्हणायचा, मी नाही, रंग. यात विनय असेल, आजारात ‘मी’ विरघळल्याची खूणही असेल. पण रंगांनीही अर्धं काम केलं होतं हे ज्याने कधी ओल्या रंगात हात घातला आहे त्याला पटेल. दुसऱ्या एका प्रसंगी तो म्हणाला होता की आपण प्रतिमांच्या जगात राहायला गेलो, आणि प्रतिमा माणसाचा जीव ताब्यात घेतात. हे वाक्य मी कलोपचाराच्या प्रत्येक उत्साही कार्यशाळेत वाचून दाखवावं असं मला वाटतं. प्रतिमा सुखदच असतात असं नाही. त्या ओढून नेतात, आणि म्हणून काठावर कुणीतरी असावं लागतं.

शेजारची खुर्ची

फर्नांदो रंगवत असताना त्याच्या जवळ एक सहकारी बाई असायच्या. त्या शिकवत नव्हत्या, सुचवत नव्हत्या, चित्राचा अर्थ विचारत नव्हत्या. शांतपणे जवळ असायच्या. त्या काळात त्याची चित्रं सुटी, मोकळी, जागेवर बसलेली होत गेली. मग त्या बाई रजेवर गेल्या, आणि कागदावरची जमवाजमव पुन्हा विस्कटली.

नीझी यांनी हे नोंदवून ठेवलं आणि त्यातून एक संज्ञा घडवली: आफेतु कातालिझादोर, म्हणजे उत्प्रेरक जिव्हाळा. रसायनशास्त्रात उत्प्रेरक असला की क्रिया घडून येते, तसा शेजारी बसलेल्या माणसाचा जिव्हाळा. खोली तीच, रंग तेच, कागद तेच. जिव्हाळा उठून गेला की क्रिया थांबते. शब्द नेमका आहे, पण एका बाबतीत मला तो अपुरा वाटतो. रसायनातला उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा उरतो. रोज तासन्‌तास कुणाच्या शेजारी गप्प बसणारी बाई मात्र तशीच उरत नसणार. तिच्या बाजूने काय घडलं, ते कुणी इतक्या बारकाईने लिहून ठेवलेलं नाही, याची मला खंत वाटते.

माणसंच नव्हे, जनावरंही हे काम करत. आवारातलं एक उपाशी पिल्लू नीझी यांनी उचललं आणि एका रुग्णाला विचारलं, सांभाळशील का? तो हो म्हणाला. त्यानंतर कुत्री-मांजरं या विभागाची सहकारीच झाली. रुग्णालयातल्या कित्येकांना हे खपलं नाही, आणि काही कुत्र्यांना विष घातलं गेलं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं कुणाशी नातं जोडलं नव्हतं, त्याने एका कुत्र्याशी जोडलं, आणि तेही असं तोडलं गेलं. त्या विषाने किती माणसांची किती महिन्यांची वाटचाल पुसली असेल, याचा विचार मला सहन होत नाही.

इथेच लुसिओचंही सांगायला हवं. तो मातीत काम करायचा. त्याच्या हातून जोरकस, ताठ उभ्या मूर्ती होत होत्या. 1949 मध्ये त्याच्यावर लोबोटॉमी, म्हणजे मेंदूतले जोड तोडणारी शस्त्रक्रिया, झाली. नीझी यांचा विरोध चालला नाही. शस्त्रक्रियेनंतरही त्याला माती दिली गेली, पण हातातून निघालेल्या आकारांत आधीचं काहीच शिल्लक नव्हतं. आधीची आणि नंतरची कामं शेजारी शेजारी ठेवली की बोलायला काही उरत नाही. त्याच वर्षी लोबोटॉमीचे जनक एगास मोनिझ यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी फर्नांदो या रुग्णालयाच्या दारातून आत आला. लुसिओ आणि फर्नांदो यांच्यामध्ये कुणाच्या वाट्याला काय आलं, एवढाच फरक होता.

हाताळणं

नीझी यांना ‘व्यवसायोपचार’ हा शब्द जड वाटायचा. 1956 मध्ये त्यांनी रुग्णालयाबाहेर काझा दास पाल्मेइरास, म्हणजे ताडांचं घर, नावाचं केंद्र काढलं. रुग्णालयातून सुटलेली माणसं बाहेर निभाव न लागल्याने पुन्हा पुन्हा आत येत होती. त्यांनी दिवसभर इथे यावं, हाताने काम करावं आणि संध्याकाळी घरी जावं, अशी योजना होती. दारं-खिडक्या उघडी, कुणाच्या अंगावर पांढरा कोट नाही. नवख्याला डॉक्टर कोण आणि रुग्ण कोण हे ओळखू येऊ नये. तिथे एका माणसाने कापडाचं मांजर केलं आणि त्याबद्दल काही ओळी लिहिल्या. त्यात त्याने एक शब्दजोड वापरली: एमोसाव दि लिदार. नीझी यांनी ती उचलली आणि आपल्या पद्धतीचं नावच करून टाकलं.

पोर्तुगीजमध्ये लिदार म्हणजे हाताशी घेणं, कशाशी तरी झटणं, निभावणं. मराठीत मला यासाठी फार शोधावं लागत नाही. ‘हाताळणं’ आहेच. आपण मडकं हाताळतो, गाय-म्हैस हाताळतो, आणि प्रसंगही हाताळतो. हात त्या शब्दात आहेच. हाताळण्यातून उठणारी भावना, असं त्या माणसाने म्हटलं असावं. पदवीधरांच्या संज्ञांपेक्षा कापडाचं मांजर करणाऱ्याची संज्ञा जास्त टिकली, याचा मला मनापासून आनंद आहे.

हे लक्षात घेतलं की साधनांची निवड बदलते. माती दाब परत देते. चिडलेल्या हाताला ती चालते, पण ज्याला घाणीची धास्ती आहे त्याला नाही. जलरंग पळतात, आणि ज्याचं सगळंच निसटत चाललं आहे त्याला पहिल्याच दिवशी ते दिले तर भीती वाढू शकते. त्याला रंगीत खडू बरे. शिवणीला लय असते आणि प्रत्येक टाक्याला शेवट असतो, म्हणून शोकात बुडालेल्या माणसाला ती सोसवते. बियांना वेळ लागतो. निराश माणसाला ते कधी आधार देतं, कधी छळतं. ‘कला’ म्हणून एकच गोष्ट सगळ्यांना देता येत नाही.

मंडलांबद्दलही, म्हणजे एका केंद्राभोवती बांधलेल्या वर्तुळाकार रचनांबद्दलही, बोललं पाहिजे. एंजेन्यो दि देंत्रोच्या रुग्णांच्या चित्रांत वर्तुळं आणि वर्तुळासारख्या रचना वारंवार येत होत्या. इतक्या विस्कटलेल्या माणसांच्या हातून इतके बांधीव आकार कसे येतात, हा प्रश्न घेऊन नीझी यांनी 1954 मध्ये स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांना पत्र आणि चित्रांची छायाचित्रं पाठवली. ही मंडलंच आहेत, मनाचा सावरण्याचा प्रयत्न त्यांत दिसतो, असं उत्तर आलं. 1957 मध्ये झ्युरिकच्या जागतिक मनोविकार परिषदेत या रुग्णांची चित्रं लागली आणि प्रदर्शनाचं उद्घाटन युंग यांनी केलं. आज मंडल म्हटलं की छापील वर्तुळांची रंगवायची वही समोर येते. ती रंगवून थोडा वेळ शांत वाटतं, आणि त्यात वाईट काही नाही, मीही देते. पण त्या रुग्णांना वर्तुळ कुणी छापून दिलं नव्हतं. ते त्यांच्या हातातून आपलं आपण आलं होतं, आणि त्याचं मोल त्या येण्यात होतं. आयत्या वर्तुळात रंग भरणं हा वेगळा उपचार आहे, हे वही देणाऱ्याने स्वतःशी तरी मान्य करावं.

काय साधलं, काय नाही

फर्नांदो बरा झाला का, हा प्रश्न सरळ आहे, म्हणून त्याचं उत्तरही सरळ दिलं पाहिजे. तो नोकरीला लागला नाही, त्याने घर केलं नाही. रुग्णालयाशी बांधलेलं त्याचं आयुष्य तिथेच सरलं. आजार गेला असं कुणी म्हणू शकत नाही. चित्रं सरळ रेषेत सुधारत गेली असंही नाही; बांधणी यायची, विस्कटायची, पुन्हा यायची.

पण ओठातल्या ओठात बोलणारा तो माणूस पुढे गणित, खगोल, रसायन यांची पुस्तकं वाचायचा, जे वाचलं ते चित्रात आणायचा. इंजिनिअर व्हायचं राहिलं, पण त्याच्या चित्रांत भूमिती उतरली. मोठमोठ्या, गुंतागुंतीच्या, रंगांनी ठासून भरलेल्या रचना झाल्या. मार्कोस मागाल्याइस या अॅनिमेशनकाराबरोबर काम करून त्याने आपल्या चित्रांचा एक हलता चित्रपटही केला. तो 1996 मध्ये आला. एका कागदावर चार वस्तू धड ठेवता न येणाऱ्या माणसाला आता त्या हलवताही येत होत्या, आणि हलवून पुन्हा जागेवर आणता येत होत्या.

यातलं किती रंगांमुळे, किती सोबतीमुळे, किती वयामुळे आणि नंतर आलेल्या औषधांमुळे, हे वेगळं काढता येणार नाही. फर्नांदो आला तेव्हा मनोविकारावरची आजची औषधं नव्हती. पहिलं, क्लोरप्रोमझिन, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला वापरात आलं. नीझी यांना औषधांच्या भडिमाराचा राग होता, आणि त्यांनी पाहिलेल्या सुस्त, लाळ गाळणाऱ्या माणसांकडे पाहता तो समजतो. मी मात्र औषध आणि माती यांत भांडण लावत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांचा हात मातीपर्यंत पोचतो तो औषधाने झोप मिळाल्यामुळे.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला जास्त टोचते. 1949 मध्ये साओ पावलोच्या आधुनिक कला संग्रहालयात या रुग्णालयातल्या नऊ कलावंतांचं प्रदर्शन झालं. मारियो पेद्रोझा यांच्यासारखा समीक्षक त्यांच्या बाजूने उभा राहिला, तर इतरांनी याला कला म्हणायलाच नकार दिला. नीझी यांनी तो वाद समीक्षकांवर सोडला. प्रदर्शनामुळे समाजाची नजर बदलली, हे खरं. पण कुलूपबंद दाराआड राहणारा माणूस आपलं चित्र भिंतीवर लावायला ‘हो’ म्हणतो, तेव्हा त्या ‘हो’ला किती वजन द्यायचं? आपल्याकडे शाळा आणि संस्थांत मुलांची चित्रं संमेलनात लावायची, पाहुण्यांना भेट द्यायची घाई असते. आघात सोसलेल्या मुलाचं चित्र म्हणजे त्याची केस-फाईल आहे. ती भिंतीवर टांगायची नसते.

1952 मध्ये रुग्णालयातच प्रतिमांचं संग्रहालय उघडलं, तेही मुळात अभ्यासासाठी. आज तिथे साडेतीन लाखांहून अधिक कामं आहेत. 1975 मध्ये सत्तराव्या वर्षी नीझी नियमाप्रमाणे निवृत्त झाल्या आणि पुन्हा हजर झाल्या, यावेळी बिनपगारी उमेदवार म्हणून. 1999 च्या मार्चमध्ये फर्नांदो गेला. ऑक्टोबरमध्ये नीझी गेल्या. 2001 मध्ये ब्राझीलने मनोरुग्णांना कोंडून ठेवण्याऐवजी वस्तीत उपचार देण्याचा कायदा केला, आणि त्या रुग्णालयाला आता नीझी यांचं नाव आहे.

माझ्या खोलीत

या प्रकरणामुळे माझ्या कामात फार मोठे बदल झाले नाहीत. पण काही सवयी सुटल्या. ‘छान!’ म्हणणं सुटलं, कारण छान म्हटलं की पुढचं चित्र माझ्यासाठी निघतं. ‘हे काय काढलंस?’ हा प्रश्न कमी झाला. त्याऐवजी ‘हा निळा कसा केलास?’ विचारते. मग माणूस रंगाबद्दल बोलतो, आणि बोलता बोलता कधी कधी बाकीचंही येतं. नाही आलं तरी तास वाया गेला असं आता वाटत नाही. सुट्टी घ्यायची असेल तर दोन आठवडे आधी सांगते, कॅलेंडरवर खूण करून, त्या दिवशी कोण असेल ते नाव सांगून. आधी मी हे शिष्टाचार म्हणून करायचे. फर्नांदोच्या विस्कटलेल्या कागदांबद्दल वाचल्यापासून ते उपचाराचा भाग म्हणून करते.

आणि प्रत्येक कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने तारीख लिहिते. तारखेखाली आणखी एक ओळ असते: आज शेजारी कोण बसलं होतं.